गुळाचा ‘ळ’



घरातील लहानसहान गोष्टींविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवावेत, हा या सदराचा नेहमीचा परिपाठ. आज आम्ही आपणांस आपल्या गावापासून पुष्कळ दूर, भोपाळच्या कोलार रोडवरील एका घरी घेऊन जाणार आहोत. घर साधेच, दोन खोल्यांचे आहे. परंतु त्या घरात शनिवारी सायंकाळी एक शाळा भरते. तिला घंटा नाही, हजेरीपट नाही. विद्यार्थी दोन, एक मुलगा व त्याची धाकटी बहीण; आणि शिक्षिका त्यांची आई. एक पुस्तक, एक हातकाम व एक खाऊ, एवढाच तिचा अभ्यासक्रम.

भोपाळच्या चुनाभट्टी भागातून दक्षिणेकडे जो मोठा रस्ता जातो, तो कोलार रोड. एकेकाळी येथे खेडी व शेते होती. पुढे वस्ती वाढली, स्वतंत्र नगरपालिका झाली आणि आता हा भाग भोपाळ महानगरपालिकेत सामावला आहे. जिच्यावरून हे नाव पडले, त्या कोलार नदीवरील धरणाचे पाणी भोपाळ पिते. या रस्त्यालगतच्या नव्या वसाहतींत हिंदी बोलणाऱ्यांच्या शेजारी मराठी घरेही आढळतात. त्यास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ त्याची राजधानी झाली. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. सरकारी कचेऱ्या हलल्या, तशी तेथील अनेक मराठी कुटुंबेही बिऱ्हाड घेऊन भोपाळास आली. आमच्या यजमानांचे आजोबा त्यांपैकीच एक. यजमानीणबाई मात्र वसईकडच्या एका गावातील लेक; आणि त्यांच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, अजून त्याच गावी राहतात.

ही शाळा का सुरू झाली, त्याची हकीकत त्या माउलीने आम्हांस सांगितली, ती अशी.

२०१९ च्या नाताळात आजींनी नेहमीप्रमाणे गावाहून पार्सल धाडले होते. त्यात गूळ होता, सुकवलेले जिन्नस होते, आणि प्रत्येक पुडीवर आजींच्या हाताची चिठ्ठी होती. नातू तेव्हा सहा-सात वर्षांचा. शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी, आणि घरात जेवढ्यास तेवढी मराठी, असा त्याचा भाषाव्यवहार. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे त्यास येत होती. त्याने मोठ्या उत्साहाने चिठ्ठ्या वाचण्यास घेतल्या, आणि पहिल्याच शब्दावर तो अडला. ‘गू’ वाचला, पुढचे अक्षर त्याने कधी पाहिलेच नव्हते. “आई, हे अक्षर आमच्या पुस्तकात नाही,” तो म्हणाला. शेवटी त्याने आपल्या बुद्धीने ‘गूल’ असे वाचले. सर्वजण हसले. रात्री आजींचा फोन आला. “चिठ्ठ्या वाचल्यास का रे, बाळा?” मुलाने उत्तर न देता फोन आईच्या हाती दिला व तो आतल्या खोलीत निघून गेला.

“त्या रात्री मला झोप आली नाही,” त्या म्हणाल्या. “आईने माझ्या मुलाला पत्र लिहावे आणि ते मी वाचून दाखवावे लागावे! मी नसेन तेव्हा काय?”

‘ळ’ हे अक्षर तसे एवढेसे. प्रचलित हिंदी वर्णमालेत त्यास स्थान नाही. मराठीत मात्र त्याच्यावाचून घर चालत नाही. गूळ, नारळ, तांदूळ, डाळ, केळे, फळ, चूल पेटविण्याचा जाळ आणि मांडीवरचे बाळ, ही सारी ‘ळ’ची मंडळी. राहत्या शहराचे नावच पाहा: आपण ‘भोपाळ’ म्हणतो, तेथील रहिवासी ‘भोपाल’ म्हणतात. दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. परंतु ज्या मुलास पहिले नाव उच्चारता येत नाही, त्याच्या हातून आजीच्या घराची किल्ली हरवली, असे समजावे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या, आणि त्या माउलीने ठरविले की ही किल्ली आपण घरीच घडवावयाची. गोष्टीचे एक मराठी पुस्तक काढले. मुलास गोडी लागावी म्हणून दर पानास एक गोळी, असा करार केला. चार दिवस शाळा झकास चालली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आले की मुलगा दोन-दोन पाने एकदम उलटतो. “गोष्टीत पुढे काय झाले?” असे विचारताच तो म्हणाला, “सहा गोळ्या झाल्या.”

वाचकहो, हसू नका. आपणही आपल्या घरी असाच व्यवहार कितीदा केला आहे! आम्ही तरी केला आहे. मुलाने अभ्यास करावा म्हणून आपण खाऊ दाखवितो, आणि त्यातून मूल एवढेच शिकते की अभ्यास ही कडू वस्तू असून ती गोळीबरोबर गिळावयाची असते.

हा प्रश्न नवा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी, इ. स. ४०३ च्या सुमारास, बेथलेहेमात राहणारे संत जेरोम यांनी रोममधील लेता नावाच्या मातेस एक पत्र लिहिले. तिला पाउला नावाची लहानगी मुलगी होती. योगायोग असा की या बालिकेची आजीही दूर, बेथलेहेमातच राहत असे. मुलीस अक्षरे कशी शिकवावीत, हे ज्या संताने बायबलचे लॅटिन भाषांतर केले, त्याने त्या पत्रात किती बारकाईने सांगितले आहे! लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून तिला द्यावीत. तिने ती खेळावीत. त्यांची नावे घ्यावीत. क्रम मोडून, मिसळून ती पुन्हा ओळखावीत. हात थरथरत असेल तर कोणी तो धरून वळवावा, किंवा पाटीवर अक्षरे कोरून द्यावीत, म्हणजे लेखणी त्या चरांतूनच चालेल. बरोबरीच्या मुली सोबतीस असाव्यात, आणि लहानग्यांस आवडतील अशी बक्षिसेही असावीत. पुढे ४१३ च्या सुमारास गौदेंतियस नावाच्या पित्यास लिहिताना त्यांनी अक्षरे शिकणाऱ्या मुलीस मधाच्या वड्या देण्याची सूचना केली आहे.

तेव्हा खाऊच्या बाजूने एक थोर संत उभे आहेत, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. परंतु त्याच लेतेस त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे: अभ्यासाचा तिटकारा बालपणी येऊ देऊ नये, कारण तो बालपण सरल्यावरही टिकतो. कोलार रोडवरील मातेचा अनुभव नेमका येथे उपयोगी पडतो. तिने गोळ्यांचा डबा बंद केला व खाऊ पुस्तकाच्या बाहेर न ठेवता आत आणला. खाऊ हे वाचनाचे बक्षीस न राहता वाचनाचाच एक भाग झाला. मुलाने वाचावे, वाचून हाताने करावे, आणि केलेले सर्वांनी मिळून खावे. आमच्या आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. पुढे जे आहे ते हे प्रत्यक्षात कसे करावे त्याचा तपशील.

पहिला धडा अर्थातच ‘ळ’चा. आजींनी फोनवरून कृती सांगितली, आईने ती मोठ्या अक्षरांत कागदावर उतरविली, आणि मुलाने ती वाचून एकेक जिन्नस पुढे आणावयाचा, असे ठरले. पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटी गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा व गार होऊ द्यावा. दोन वाट्या कणकेत चिमूटभर मीठ व दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालावे. गुळाचे पाणी एकदम न ओतता लागेल तसे घालून घट्ट गोळा मळावा व अर्धा तास झाकून ठेवावा. मग पोळपाटावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करून मुलांनी अक्षरे घडवावीत. तळण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. तेल फार तापू देऊ नये आणि आच मंद ठेवावी, नाहीतर गूळ करपतो व आतले पीठ कच्चे राहते.

या कामात मुलांस अक्षरांचा स्वभाव कळतो, तो पाटीवर कळत नाही. ग, ण आणि श यांचे दोन-दोन तुकडे असतात. त्यांस एकत्र धरते ती शिरोरेघ. ती नीट दाबून जोडली नाही तर कढईत ‘ग’चा काना एकीकडे व पोट दुसरीकडे तरंगू लागते. “आई, वरची रेघ म्हणजे छप्पर आहे,” असे त्या धाकट्या मुलीने सांगितले. आणि ‘ळ’? ज्या अक्षरावर सारे अडले होते, ते सर्वांत सोपे निघाले. एका वळीचे दोन वेटोळे, वर छप्पर, झाला ‘ळ’. तळताना तो मोडत नाही. त्या दिवसापासून मुलगा ‘गूळ’ म्हणतो आणि ‘भोपाळ’ही म्हणतो.

दुसरा धडा ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढले. त्यात पत्रावळीचे एक प्रकरण आहे. लहान श्याम पत्रावळ लावावयास शिकत नाही, आणि अखेरीस त्यास कळते की ज्यास जेवावयाचे त्यास पान लावता आले पाहिजे. ते प्रकरण वाचून झाल्यावर या घरी पत्रावळी लावण्याचा बेत ठरला. भोपाळच्या आसपास पळस पुष्कळ. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, हे मुलांस तेथे झाडाखालीच दाखविता आले.

पाने निबर व न फाटलेली घ्यावीत, धुवून दोन्ही बाजूंनी पुसावीत, देठ काढून टाकावेत. सर्वांत मोठे पान मध्ये ठेवून त्याभोवती इतर पाने अशी मांडावीत की प्रत्येकाची कड शेजारच्या पानावर यावी. बांबूची बारीक चोय दोन्ही पानांतून खाली घालून पुन्हा वर काढावी व उरलेली मोडून टाकावी. शेवटचे पान पहिल्यास टाचले की गोल पुरा होतो. आमच्या किनारपट्टीच्या वाचकांस चोय शोधावयास नको. माडाच्या झावळीचा हीर घरात असतोच, आणि पळस नसला तर वडाची पाने चालतात. टोचण्याची अणकुचीदार टोके जेवणापूर्वी तपासून घ्यावीत, एवढी काळजी पुरे.

मराठीत ‘पान’ हा शब्दच मोठा गमतीचा आहे. झाडाचे ते पान, पुस्तकाचे ते पान, आणि जेवावयास वाढतात तेही पानच. त्या शनिवारी तिन्ही पाने एका घरात एकत्र आली.

आता या पानावर वाढावयाचे काय? त्याच पुस्तकात अळणी भाजीचे प्रकरण आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील व मुले काही न बोलता जेवतात. स्वतः जेवावयास बसल्यावर तिला चूक उमगते व वाईट वाटते. आमच्या यजमानीणबाईंनी मुलांस आधी न सांगता पानाच्या कोपऱ्यात चमचाभर अळणी भाजी वाढली. मुलीने घास घेऊन तोंड वाकडे केले. मुलगा क्षणभर थांबला, आईकडे पाहिले, आणि मुकाट्याने ती भाजी खाऊन टाकली. मग आईने हसून मीठ वाढले. खाऊ म्हणजे गोडच असतो असे नाही, वाचकहो. त्या चमचाभर भाजीने जे शिकविले, ते गोळ्यांच्या डब्याने शिकविले नसते.

तिसरा धडा पुस्तक वाचण्याचा नव्हे, करण्याचा. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडावेत, वर जाड कागदाचे वेष्टन घालावे. घडीवर तीन भोके पाडावीत: एक मध्ये, एक वर, एक खाली. सुईदोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतूनच खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढावा, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावा. दोऱ्याची दोन टोके आतील लांब टाक्याच्या दोन बाजूंस घेऊन गाठ मारावी. सोळा पानांचे पुस्तक तयार. चित्रे चिकटविण्यास दुकानातील डिंक नको. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवून मंद आचेवर शिजवावा, म्हणजे उत्तम खळ होते. जुने लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालीत. ते विष आहे, मुलांच्या कामात कदापि घालू नये. खळ त्या दिवसापुरतीच करावी.

असले शिक्षण आपल्याकडे पूर्वापार मान्यवरांनी दिले आहे. मादाम माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढले व मुलांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवावीत अशी सोय केली. जेरोम यांच्या कोरीव पाटीचीच ती जणू पणती. महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात मिळाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने व खडे यांतूनच बालवाडीचे साहित्य उभे केले.

भोपाळसही अशी परंपरा आहे. तेथील ‘एकलव्य’ ही संस्था १९८२ पासून शिक्षणाचे काम करते व १९८५ पासून मुलांसाठी ‘चकमक’ हे हिंदी मासिक काढते. जवळच्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्यास आता नर्मदापुरम् म्हणतात, १९७२ पासून २००२ पर्यंत खेड्यांतील शाळांत मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. त्या कामात आलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर आकृत्या रचण्याची युक्ती काढली. त्यांचे त्याविषयीचे पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलार रोडवरील मुलांनी अशा काड्यांचे घर केलेले आम्ही पाहिले. तेथे आईने मुलांस हिंदीपासून तोडले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. शेजारची भाषा शेजारधर्माने शिकावी, आपली मायेने जपावी.

काही कुटुंबे मुलांस शाळेतून काढून सर्वच शिक्षण घरी देतात, व अशी मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीच्या परीक्षेस बसू शकतात. आम्ही आज तो सल्ला देत नाही. ज्यांची मुले रोज शाळेत जातात, त्यांच्याच घरी आठवड्याचा एक तास या दुसऱ्या शाळेसाठी असावा, इतकेच सुचवितो. दर आठवड्यास जमले नाही तर पंधरवड्यास जमवावे. थकलेल्या आईने स्वतःला आणखी एका कामास जुंपून घेऊ नये. बाबांनी कढई घासावी, काकांनी पाने आणावीत. आणि पसारा झाला म्हणून कोणी ओरडू नये.

आपल्या गावी ‘ळ’ हरवला नसेल; परंतु आजीची चिठ्ठी वाचता न येणारी नातवंडे आता गावातही आढळतात. इंग्रजी शाळेत जाऊन ती हुशार होत आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. घरची भाषा मात्र कोणतीही शाळा आपल्या वतीने जपणार नाही. त्यासाठी परातीतली कणीक, अंगणातले पान आणि एक गोष्टीचे पुस्तक पुरते. ३० सप्टेंबरला संत जेरोम यांचा सण येतो. आरंभास तो दिवस चांगला आहे.

असो. त्या सोळा पानांच्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते सांगून रजा घेतो. मुलाने त्यात आजींच्या कृती फोनवरून ऐकून स्वतःच्या हाताने लिहिल्या. एका पानावर तुपाचा डाग पडला होता, तो त्याने तसाच राहू दिला. पुस्तक टपालाने गावी गेले. आठ दिवसांनी ते परत आले. आजींनी लाल शाईने चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, एका कृतीत राहून गेलेले मीठ लिहिले होते, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नातवास एक पत्र लिहिले होते.

त्या पत्रात काय होते, ते त्या माउलीस अद्याप ठाऊक नाही. मुलाने ते एकट्यानेच वाचले.